विकत घेणारा कोण? – वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात १३ जून या आंतरराष्ट्रीय अल्बिनिझम जागृती दिनानिमित्त एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. आफ्रिकेच्या काही देशांत अल्बिनिझम (त्वचा, केस व डोळे यांना रंग देणारे द्रव्य जन्मतःच नसणे किंवा फार कमी असणे) असलेल्या माणसांवर हल्ले होतात, त्यांचे हातपाय तोडून नेले जातात, आणि त्यांच्या अवयवांपासून केलेल्या ‘औषधा’ने संपत्ती, यश व सत्ता मिळते असे मांत्रिक आपल्या गिऱ्हाइकांना सांगतात, एवढेच त्या टिपणात होते. त्यावर बरीच पत्रे आली. काहींमध्ये हळहळ होती, काहींमध्ये संताप होता, आणि पुष्कळांमध्ये नेमके प्रश्न होते. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : अल्बिनिझम म्हणजे कोडाचाच एक प्रकार आहे का? तो स्पर्शाने पसरतो का? आणि कृष्णवर्णीय आईवडिलांच्या पोटी असे मूल जन्माला येतेच कसे?

उत्तर : पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कोडामध्ये जन्मतः असलेला रंग पुढे शरीराच्या काही भागांवरून नाहीसा होतो. अल्बिनिझम मात्र जन्मापासूनच असतो आणि बहुतेक वेळा तो त्वचा, केस व डोळे या तिन्ही ठिकाणी दिसतो. यांपैकी काहीही संसर्गजन्य नाही.

तिसऱ्या प्रश्नाला थोडा विस्तार लागतो, कारण पुढच्या सगळ्या छळाची पहिली ठिणगी बहुधा याच प्रश्नातून पडते. त्वचेला, केसांना आणि डोळ्यांना रंग देणारे मेलॅनिन नावाचे द्रव्य शरीरात तयार व्हावे, यासाठी काही जनुके नीट काम करावी लागतात. त्यांपैकी एका जनुकाची सदोष प्रत आईकडून आणि तशीच दुसरी वडिलांकडून आली, तरच मुलात अल्बिनिझम प्रकट होतो. ज्याच्याकडे अशी एकच प्रत असते तो केवळ वाहक असतो. त्याच्या रंगावरून काही ओळखू येत नाही आणि स्वतः त्यालाही त्याचा पत्ता नसतो. असे दोन वाहक पतिपत्नी म्हणून एकत्र आले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारांत एक अशी शक्यता राहते. डोळ्यांपुरता मर्यादित असा एक दुर्मीळ प्रकार आहे, त्याची आनुवंशिकता वेगळी असते. पण येथे ज्या माणसांविषयी आपण बोलत आहोत त्यांच्यात तो नसतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेत साधारण १७,००० ते २०,००० माणसांमागे एकाला अल्बिनिझम असतो, तर टांझानियासाठी नेहमी सांगितला जाणारा अंदाज १,४०० माणसांमागे एक असा आहे.

हे शास्त्र ठाऊक नसलेल्या घरात असे मूल जन्मले की बोट आईकडे वळते. तिने गोऱ्या पुरुषाशी संबंध ठेवला असे म्हटले जाते, किंवा तिच्या माहेरच्या कुळाला शाप आहे असा निवाडा होतो, आणि नवरा घर सोडून जातो. वास्तविक त्या मुलाच्या वर्णात निम्मा वाटा बापाचा असतो. प्रसूतिगृहातील परिचारिकेला एवढे एकच वाक्य त्या बापाला समजावून सांगता आले, तरी पुष्कळ काही वाचते. कारण ज्या बाईला नवऱ्याने टाकले आहे आणि जी गावाच्या कडेला एकटी राहते, तिच्या मुलावर पुढे नजर ठेवणे हल्लेखोराला सर्वांत सोपे जाते.

प्रश्न (टांझानियात नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका वाचकांकडून) : माझे येथील सहकारी सांगतात की अवयवांसाठी माणसे मारण्याची प्रथा त्यांच्याकडे पूर्वी नव्हती. बाहेरची माध्यमे मात्र ‘प्राचीन परंपरा’ असे तिचे वर्णन करतात. खरे काय मानावे?

उत्तर : आपले सहकारी सत्याच्या अधिक जवळ आहेत, असे आम्हांला वाटते. मात्र त्यांच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडावी लागेल.

जुन्या समजुती होत्या यात शंका नाही. स्वाहिली भाषेत अशा माणसाला ‘झेरुझेरू’ म्हणत, म्हणजे जवळजवळ भूतच. ही माणसे मरत नाहीत, केवळ नाहीशी होतात, असा समज होता. नवजात अर्भक जगू न देण्याचे प्रकारही घडत. (आता तेथील संघटना ‘अल्बिनिझम असलेली व्यक्ती’ या अर्थाचे ‘म्तू म्वेन्ये उआल्बिनो’ हे शब्द वापरावेत असा आग्रह धरतात, आणि तो रास्त आहे.) ज्याला आपण माणूसच समजत नाही त्याच्या अंगावर हात टाकताना मन कचरत नाही, म्हणून या समजुतींना निरुपद्रवी म्हणता येणार नाही. परंतु समजूत असणे वेगळे आणि त्या समजुतीच्या आधारावर अवयवांची मागणी, पुरवठा आणि मोबदला यांची साखळी उभी राहणे वेगळे. ही साखळी ठळकपणे उघडकीस आली ती २००६-०७ पासून, आणि तीही टांझानियाच्या वायव्येला, व्हिक्टोरिया सरोवराभोवतीच्या म्वान्झा, शिन्यांगा, गेइता, तबोरा, कागेरा अशा प्रांतांत. त्यानंतर शेजारच्या बुरुंडीत खून झाले. २०१४ च्या अखेरीपासून मलावीत आणि त्याच सुमारास मोझांबिकमध्ये हल्ल्यांची लाट आली. आज अशा घटनांची नोंद सहाराच्या दक्षिणेकडील दोन डझनांहून अधिक देशांतून झालेली आहे.

याच भागातून सुरुवात का झाली, याची एकच एक उकल कोणी देऊ शकत नाही. मात्र या प्रांतांकडे पाहिले की दोन व्यवसाय डोळ्यांत भरतात : हातांनी खणलेल्या छोट्या खाणींतून सोने काढणे आणि सरोवरातील मासेमारी. ज्या धंद्यात एका रात्रीत नशीब उघडते आणि दुसऱ्या रात्री होते नव्हते ते जाते, तेथे नशीब विकणाऱ्याला गिऱ्हाइकांची ददात पडत नाही. हाड खाणीत पुरले की सोन्याची शीर सापडते, जाळ्यात केस विणले की मासळी येते, असे सांगणारे भोंदू या वस्त्यांभोवती वावरू लागले. जडीबुटीचा प्रामाणिक जाणकार आणि हा भोंदू या दोघांनाही तेथे ‘म्गांगा’ असा एकच शब्द आहे, ही त्यातील मोठी अडचण आहे. त्याच भूभागात त्याआधीपासून, डोळे लाल असलेल्या वृद्ध स्त्रियांना चेटकीण ठरवून मारण्याचे प्रकार होत आले होते. ते डोळे बहुतेक वेळा आयुष्यभर चुलीच्या धुराने लाल झालेले असत. संशयाला शरीरावरची एखादी खूण पुरते, हे त्या समाजाला अशा रीतीने आधीच शिकवले गेले होते.

आता पुस्ती. ‘अज्ञानी, गरीब खेडूत’ हे स्पष्टीकरण बहुतेक वृत्तांतांत येते आणि ते सोयीचे आहे, पण ते अर्धेच आहे. मांत्रिकाने सांगितलेली रक्कम मोजण्याची ऐपत गरीब कोळ्याकडे किंवा रोजंदारीवरच्या खाणकामगाराकडे नसते. गरीब माणूस सुरा चालवतो आणि तुरुंगात जातो. त्याला पाठवणारा गरीब नसतो. निवडणुका जवळ आल्या की अल्बिनिझम असलेल्या माणसांची भीती वाढते आणि २०१५ च्या टांझानियातील निवडणुकीआधी संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांनीही तसा जाहीर इशारा दिला होता, यावरून मागणी कोठून येते असा संशय आहे ते दिसते.

प्रश्न : एका मानवी शरीराला हजारो डॉलर मिळतात असे आंतरजालावर वाचले. हे आकडे खरे आहेत का? आपल्या टिपणात ते का नव्हते?

उत्तर : जाणूनबुजून दिले नव्हते, आणि येथेही देणार नाही. हे आकडे २००९ च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर जगभर एकमेकांवरून उतरवले गेले. पकडली जाणारी माणसे बहुधा विकणारी किंवा विकू पाहणारी असतात. प्रत्यक्ष पैसे मोजणारा क्वचितच हाती लागतो, आणि तो हाती लागत नाही तोवर किमतीची शहानिशा होत नाही. खात्री नसलेली प्रचंड किंमत वारंवार छापणे म्हणजे एखाद्या कर्जबाजारी माणसाच्या मनात तो सौदा भरवून देणे. आमच्या मते ती एक प्रकारची जाहिरातच होते.

प्रश्न : गुन्हेगारांना कडक शिक्षा का होत नाहीत? चारदोन जणांना फाशी दिली तर हे थांबणार नाही का?

उत्तर : फाशीची शिक्षा सुनावली गेलेली आहे. टांझानियात २००९ च्या सप्टेंबरमध्ये काहामा येथील न्यायालयाने एका चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाबद्दल तिघांना मृत्युदंड ठोठावला. अशा प्रकरणातील ती पहिली शिक्षा म्हणून गाजली. त्यानंतरही हल्ले झाले. (टांझानियात १९९४ नंतर एकाही मृत्युदंडाची अंमलबजावणी झालेली नाही, हेही नोंदवले पाहिजे.) शिक्षेच्या तीव्रतेपेक्षा ती होण्याची खात्री महत्त्वाची असते, आणि ही खात्रीच येथे कमी पडते.

ती का कमी पडते हे समजण्यासाठी मलावीतील एक खटला पुरेसा आहे. २०१८ मध्ये तेथे अल्बिनिझम असलेल्या एका बावीस वर्षांच्या तरुणाचा खून झाला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. त्यांत एक कॅथलिक धर्मगुरू होता, एक पोलीस होता, एक आरोग्यसेवक होता, आणि मृताचा सख्खा भाऊही होता. भावासह पाच जणांना जन्मठेप झाली आणि धर्मगुरूला तीस वर्षांची शिक्षा मिळाली. ही यादी पुन्हा वाचावी. संकटात सापडलेला माणूस ज्यांच्या दाराशी धाव घेईल, नेमकी तीच माणसे या कटात होती. अशा वेळी फिर्याद कोणी नोंदवायची, तपास कोणी करायचा आणि साक्ष कोणी द्यायची? आप्तांपैकीच कोणी तरी टोळीला वाट दाखवली असेल, तर उरलेले आप्त न्यायालयात गप्प बसतात. हा मौनाचा अडथळा कायद्याच्या पुस्तकातील कोणत्याही कलमाने दूर होत नाही. त्यासाठी साक्षीदाराला संरक्षण लागते, वकील लागतो, आणि खटला वर्षानुवर्षे रेंगाळत न राहण्याची हमी लागते.

कायद्याच्या पुस्तकातही उणिवा होत्याच. टांझानियाचा जादूटोण्याविषयीचा कायदा १९२८ चा आणि मलावीचा १९११ चा, म्हणजे दोन्ही वसाहतकाळातील. ते लिहिताना सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चेटकाचे आरोप आणि त्यांतून होणारी भांडणे होती. मानवी अवयवांचा व्यापार नव्हता. त्यामुळे मलावीत सुरुवातीला एखाद्याकडे मानवी हाडे सापडली तरी तो किरकोळ दंडावर सुटू शकत असे. २०१६ मध्ये तेथे दंडसंहितेत आणि मानवी शरीरासंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढवण्यात आल्या, आणि पोलीस, सरकारी वकील व दंडाधिकारी यांच्यासाठी एक मार्गदर्शक पुस्तिका तयार झाली. त्या पुस्तिकेचा उपयोग असा की, तोवर पोलीस ‘हाडे बाळगणे’ एवढाच गुन्हा नोंदवून मोकळे होत. आता कोणत्या पुराव्यावर खुनाचा, अपहरणाचा किंवा मानवी तस्करीचा आरोप लावता येतो हे त्यांच्यापुढे लिहिलेले असते.

सरसकट बंदीचा मार्गही अवलंबून झाला आहे. जानेवारी २०१५ मध्ये टांझानिया सरकारने मांत्रिकांवर बंदी जाहीर केली आणि पुढच्या काही आठवड्यांत दोनशेहून अधिक जणांना अटक झाली. या धडाक्याने भोंदूंना काही काळ धाक बसला असेल. परंतु जेथे डॉक्टर कोसोगणती दूर असतो तेथे जडीबुटी देणारा माणूस हाच लोकांचा वैद्य असतो. त्याला आणि खुनाची दलाली करणाऱ्याला एकाच दोरीने बांधले की पहिला चिडतो, दुसरा लपतो, आणि गावातील आतली बातमी पोलिसांना पुरवू शकणारा माणूस मिळेनासा होतो. २०२१ च्या जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने चेटकाचे आरोप आणि विधींसाठी होणारे हल्ले यांविषयी जो ठराव केला, त्याचा रोख हानिकारक कृत्यांवर आहे, श्रद्धेवर किंवा वैदूवर सरसकट नाही. हा भेद आम्हांला मोलाचा वाटतो.

संतापलेल्या पत्रलेखकांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०१६ च्या मार्चमध्ये मलावीच्या न्सान्जे भागात मानवी हाडे बाळगल्याच्या संशयावरून जमावाने सात जणांना जाळून मारले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मादागास्करमधील इकोंगो येथे अल्बिनिझम असलेल्या एका बालकाच्या अपहरणानंतर, संशयितांना आमच्या ताब्यात द्या म्हणून जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला, गोळीबार झाला आणि डझनाहून अधिक माणसे मेली. जाळलेला संशयित कोणाचेही नाव सांगू शकत नाही. ज्याने त्याला पाठवले होते तो त्या गर्दीत उभा राहून दगड मारत नसेलच असे कोण सांगू शकेल?

राज्यांना जबाबदार धरण्याची वाट आता थोडी रुंद झाली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये या विषयासाठी स्वतंत्र तज्ज्ञाचे पद निर्माण केले. त्यावर प्रथम नेमल्या गेलेल्या नायजेरियाच्या इक्पोन्वोसा इरो यांना स्वतःला अल्बिनिझम आहे. आफ्रिकी संघाने या प्रश्नावर २०२१ ते २०३१ या दशकासाठी कृती आराखडा स्वीकारला आहे. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये टांझानियातीलच अरुशा येथे बसणाऱ्या आफ्रिकी मानवाधिकार न्यायालयाने, अल्बिनिझम असलेल्या नागरिकांच्या जीविताच्या हक्कासह अनेक हक्कांचे रक्षण करण्यात टांझानियाचे सरकार कमी पडले, असा निकाल दिला. खुनी नागरिक होता, सरकार नव्हते, ही सबब त्या न्यायालयापुढे टिकली नाही.

प्रश्न (एका शिक्षिकेकडून) : अशा मुलांना कुंपण असलेल्या, पहाऱ्यातल्या वसतिगृहांत ठेवणे हाच सर्वांत सुरक्षित उपाय नव्हे का?

उत्तर : हल्ल्याच्या भीतीने रात्र रात्र जागणाऱ्या आईला हाच उपाय सुचतो, आणि तिला कोणीही दोष देऊ नये. टांझानियात २००७ नंतरच्या वर्षांत हेच झाले. शिन्यांगाचे बुहांगिजा, किगोमा प्रांतातील कबांगा, म्वान्झाजवळचे मितिंदो अशी ठिकाणे मूळची अंध किंवा अपंग मुलांच्या शाळांची होती. भेदरलेले पालक आणि जिल्हा अधिकारी तेथे मुलांना आणून सोडू लागले. हेतू तात्पुरत्या आश्रयाचा होता. पण काही मुले तेथे वर्षानुवर्षे राहिली. एका खाटेवर अनेक मुले, अपुरे कर्मचारी, सावली नसलेले अंगण, अशी या ठिकाणांची वर्णने भेट देणाऱ्यांनी वारंवार केली आहेत. अगदी लहानपणी आलेल्या मुलांना आपल्या घराची वाट आणि भावंडांचे चेहरे आठवेनासे झाले. आणि तिकडे गावाने काय शिकले? या मुलाची जागा आपल्यात नाही, एवढेच शिकले.

आपण शिक्षिका आहात म्हणून एक वेगळी हानीही सांगतो. अल्बिनिझम असलेल्या मुलांची दृष्टी कमी असते. डोळ्याच्या पडद्याचा मध्यबिंदू गर्भावस्थेत पुरता विकसित होत नाही, बुबुळे सतत हलत राहतात आणि उजेड सहन होत नाही. चष्म्याने काही प्रमाणात मदत होते, पण नजर पूर्ण सुधारत नाही. मात्र ही मुले आंधळी नसतात. पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवले, मोठ्या अक्षरांची पुस्तके दिली, फळा वाचण्यासाठी हातात धरायची छोटी दुर्बीण दिली, तर बहुतेक मुले सर्वसाधारण शाळेत शिकू शकतात. अंधशाळेच्या कुंपणात ठेवल्यामुळे यांतील कित्येकांच्या हाती, डोळ्यांनी अक्षरे वाचता येत असूनही, ब्रेल आले.

मग कुंपणे आजच पाडावीत का? तसेही आम्ही म्हणणार नाही. २०२४ च्या मे महिन्याअखेर कागेरा प्रांतात अडीच वर्षांच्या एका मुलीला घरातून पळवून ठार मारण्यात आले; पोलिसांनी अटक केलेल्या नऊ जणांत तिचे वडील आणि एक धर्मगुरूही होते. त्यांचा अपराध ठरवणे न्यायालयाचे काम आहे. परंतु ही अटक डोळ्यांपुढे असताना ‘मुलाला घरी परत पाठवा’ असे सरसकट सांगणे हाही बेजबाबदारपणाच होईल. प्रत्येक घराची चौकशी वेगळी करावी लागते : आई कोठे राहते, दाराला कडी आहे का, शेजार कसा आहे, शाळेची वाट निर्मनुष्य आहे का, वडिलांनी मुलाला स्वीकारले आहे का. जेथे उत्तरे बरी येतात तेथे मूल सुटीपुरते घरी पाठवायचे, कोणी तरी भेट देत राहायचे, मग मुक्काम वाढवायचा. हे काम संथ आहे, त्याला प्रशिक्षित माणसे लागतात, आणि त्याचे छायाचित्र चांगले येत नाही. म्हणून देणगीदारांना भिंत बांधून देणे अधिक आवडते. भिंतीच्या आत आहे त्याच्या शरीरावर कोणाचा तरी डोळा आहे, आणि तो डोळा भिंतीबाहेर मोकळा आहे; संरक्षणाचा बराचसा खर्च त्या डोळ्याचा माग काढण्यावर व्हायला हवा, असे आमचे मत आहे.

प्रश्न : खून सोडले तर या माणसांचे आयुष्य इतरांसारखेच असते ना?

उत्तर : नसते. विषुववृत्ताजवळच्या उन्हात मेलॅनिनविना राहणे म्हणजे ढालीविना राहणे. त्वचा भाजते, जखमा होतात आणि तरुण वयातच त्वचेचा कर्करोग गाठतो. हिंसेपेक्षा किती तरी अधिक माणसे या रोगाने दगावतात, असे या क्षेत्रात काम करणारे पुन्हा पुन्हा सांगतात. यामागेही तीच अंधश्रद्धा आहे : ‘हे मूल तसेही जगणार नाही’ म्हणून त्याला शाळेत न घालता शेतावर पाठवले जाते, ऊन त्याला मारते आणि समजूत खरी ठरते.

यावरचे उपाय साधे आहेत. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे, दुपारी सावली, वेळोवेळी त्वचेची तपासणी आणि ऊनरोधक मलम. हे मलम महाग असल्याने किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी येथील त्वचारोग केंद्रात ‘किलिसन’ या नावाने ते स्थानिक पातळीवरच तयार करून मोफत वाटले जाऊ लागले. केनियात सरकारच आपल्या अपंगविषयक राष्ट्रीय परिषदेमार्फत असे मलम पुरवते. त्याच देशाने २०१९ च्या जनगणनेत अल्बिनिझम असलेल्या नागरिकांची प्रथमच वेगळी मोजणी केली आणि संख्या ९,७२९ निघाली. मलमाच्या किती बाटल्या लागतील हे मोजणीशिवाय कळत नाही, म्हणून ही मोजणीही संरक्षणच आहे.

प्रश्न : या समाजातून कोणी पुढे आले आहे का?

उत्तर : पुष्कळ आले आहेत. २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जकाया किक्वेते यांनी अल-शायमा क्वेगीर यांना टांझानियाच्या संसदेवर नेमले. २०१० मध्ये सलूम बरवानी लिंडी येथून निवडूनच आले. २०१५ मध्ये अब्दल्ला पोसी उपमंत्री झाले. केनियाच्या न्यायमूर्ती मुम्बी न्गूगी यांनाही अल्बिनिझम आहे. नेमणुकीपेक्षा निवडणुकीचे वजन आम्ही अधिक मानतो, कारण ज्याला ‘भूत’ म्हटले जात होते त्याच्या नावापुढे हजारो शेजाऱ्यांनी स्वतः खूण केली.

प्रश्न (टांझानियातील त्याच वाचकांकडून) : आमच्या कार्यालयात साफसफाई करणाऱ्या बाईंच्या सहा वर्षांच्या मुलाला अल्बिनिझम आहे. मला मदत करायची आहे. तिची कहाणी समाजमाध्यमांवर मांडून निधी गोळा करू का?

उत्तर : कृपया करू नका. त्या मुलाचा चेहरा, त्याची शाळा आणि वस्ती यांची माहिती जगापुढे ठेवणे म्हणजे शोधत असलेल्याला पत्ता देणे. मुलाची चौकशी इतर सहकाऱ्यांसमोर मोठ्याने करू नका; तिच्या परवानगीशिवाय छायाचित्र काढू नका, आणि तिने परवानगी दिली तरी ते कोणाला पाठवू नका. आपण तिचे वरिष्ठ असाल तर तिला ‘नाही’ म्हणणे जड जाईल, हेही ध्यानात ठेवावे.

करता येण्यासारखे बरेच आहे. प्रथम तिला काय हवे आहे हे तिलाच विचारा. कदाचित तिची अडचण आपल्याला वाटते त्यापेक्षा वेगळी निघेल. तिचे काम अंधार पडण्यापूर्वी संपेल अशी व्यवस्था आपल्या हातात असेल तर ती करा, म्हणजे मूल संध्याकाळी घरी एकटे राहणार नाही. शाळेत जाता-येता त्याच्यासोबत आणखी दोन-तीन मुले असतील असे तिच्या शेजारणींशी बोलून तिने ठरवावे. मुलाला टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा मिळावा, डोळे तपासून घ्यावेत, आणि वर्गात पहिल्या बाकावर बसवण्याविषयी तिने शिक्षकांशी बोलावे. तिला धीर होत नसेल तर तिच्या सांगण्यावरूनच आपण बोला. टांझानिया अल्बिनिझम सोसायटी ही तेथील या माणसांचीच संघटना १९७८ पासून काम करते. तिची जवळची शाखा कोठे आहे ते शोधून ती माहिती त्या बाईंच्या हाती द्या, आणि संपर्क साधायचा की नाही हे तिला ठरवू द्या. आपली बदली होईल, आपण तेथून निघून जाल. शाखेतली माणसे तेथेच राहणार आहेत.